पाठीमागची दोन बोटं जागा

फुल टॉवर म्हणजे कॉम्प्युटरच्या सर्वांत उंच जातीच्या कॅबिनेटच्या डाव्या अंगाला काच असते आणि बघणाऱ्याची नजर तिथेच खिळते. उजव्या अंगाला साधा पत्रा. दोन स्क्रू सोडवून तो मागे सरकवला की मदरबोर्ड ज्या ट्रेवर बसवलेला असतो त्या ट्रेची पाठ दिसते. ट्रे आणि बाहेरचा पत्रा यांच्यात दीड ते साडेतीन सेंटिमीटर पोकळी असते. तिथे पंखा नाही, रंगीत दिवा नाही, हिशेब करणारी चिप नाही. असतात त्या मुख्यतः वायरी. नवा कॉम्प्युटर घेताना प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, रॅम किती, याची चौकशी सगळे करतात. या पोकळीचं माप क्वचितच कोणी विचारतं. कॅबिनेट चांगलं की वाईट हे ठरवणारे जे मोजके आकडे आहेत त्यांत मी हा आकडा पहिल्या ओळीत धरतो. त्याचं कारण देखणेपणात नाही.

आधी साधं गणित. मदरबोर्डला वीज देणारी मुख्य केबल 24 पिनांची. तिच्यातल्या प्रत्येक तारेतलं तांबं साधारण एक मिलिमीटर जाड, आणि वरचं प्लास्टिक धरून तार दोन मिलिमीटरच्या आसपास. अशा चोवीस तारांची जुडी आवळून बांधली तर ती 12 मिलिमीटर भरते. प्रोसेसरला वीज नेणारी आठ तारांची जुडी सात मिलिमीटर. ग्राफिक्स कार्डाची नवी सोळा पिनांची केबल जाड तारांची असते, ती दहाच्या घरात जाते. या केबली एकमेकींना समांतर गेल्या तर प्रश्न नाही, पण त्या तशा जात नाहीत. वीजपुरवठा करणारा एसएमपीएस तळाशी, प्रोसेसरचं सॉकेट वरच्या कोपऱ्यात, मुख्य केबलीचं सॉकेट मधल्या कडेला. कुठे ना कुठे एक जुडी दुसरीवरून जातेच. बारा अधिक दहा म्हणजे बावीस. वर केबल बांधणाऱ्या टायची गाठ. पंधरा मिलिमीटरच्या पोकळीत हे मावणार नाही, पंचवीसमध्ये मावेल, तीसमध्ये बोटंही आत जातील. दोन बोटं जागा म्हणतो ती याच अर्थानं. वायर बसली, एवढ्यानं भागत नाही. ती बसवणारा हात आत शिरला पाहिजे.

जागा अपुरी असली की काय होतं हे कॉम्प्युटर जोडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कॅबिनेट आडवं पाडायचं, पत्रा ठेवायचा, त्यावर गुडघा रोवायचा आणि दुसऱ्या हातानं स्क्रू फिरवायचा. पत्रा बसतो, पण फुगतो. आतल्या केबली दाबाखाली राहतात. ट्रेच्या पाठीला लावलेल्या एसएसडीचं सॅटा कनेक्टर रोज थोडं तिरकं ओढलं जातं. सहा महिन्यांनी एखादी डिस्क मध्येच दिसेनाशी होते आणि दोष डिस्कला जातो.

ग्राफिक्स कार्डाच्या नव्या केबलीची गोष्ट अधिक गंभीर आहे. तिची मर्यादा 600 वॅट. घरच्या 230 व्होल्टच्या प्लगमधून तेवढे वॅट घ्यायला तीन अँपिअरही लागत नाहीत. कॅबिनेटच्या आत व्होल्टेज फक्त 12, त्यामुळे त्याच 600 वॅटसाठी 50 अँपिअर वाहतात, तेही सहा बारीक पिनांतून, म्हणजे दर पिनेला आठाहून जास्त. 2022 च्या ऑक्टोबरात आरटीएक्स 4090 कार्डांची ही कनेक्टरं वितळल्याच्या बातम्या जगभर आल्या, आणि कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक मुख्य कारण ठरलं. कनेक्टरला लागूनच केबल वळवू नये, पहिले तीन-साडेतीन सेंटिमीटर ती सरळ असावी, असा सल्ला तेव्हापासून दिला जातो. वळण घ्यायलाही जागा लागते. तांब्याला घाई चालत नाही.

घरगुती कॉम्प्युटरच्या इतिहासात ही पाठीमागची जागा नंतर सुचलेली सोय म्हणून सांगितली जाते. मला वाटतं ती नव्यानं सुचलेली नाही, विसरलेली परत आठवली आहे. त्यासाठी मुंबईतच थोडं मागे जायला हवं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो संगणक बांधला गेला तो 1960 साली पूर्णपणे कामाला लागला. 1962 मध्ये नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. 2,700 निर्वात नळ्या, 1,700 जर्मेनियम डायोड, 12,500 रोधक. हे सगळं एका पोलादी सांगाड्यात होतं, 18 फूट लांब, अडीच फूट खोल, 8 फूट उंच. आणि या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी दरवाजे होते, आतल्या मंडलांपर्यंत हात पोचावा म्हणून. नळ्या जळतात, जोड सुटतात, हे बांधणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. यंत्र बिघडणार आहे, तेव्हा त्याच्या पाठीशी उभं राहता आलं पाहिजे, हा विचार आराखड्यातच होता. या देशात बांधल्या गेलेल्या पहिल्या मोठ्या संगणकाला मागचं दार होतं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

अमेरिकेत 1976 साली सेमूर क्रे यांचा 'क्रे-1' आला तेव्हा वायरींचा प्रश्न निराळ्या टोकाला पोचला होता. एका नॅनोसेकंदात विजेचा संकेत तारेतून फूटभरही जात नाही. यंत्राचा ठोका साडेबारा नॅनोसेकंदांचा. वायर लांबली की यंत्र मंदावलं. म्हणून क्रे यांनी यंत्रालाच इंग्रजी सी अक्षरासारखं वळवलं. वायरी त्या वळणाच्या आतल्या अंगाला आल्या आणि कुठलीही वायर चार फुटांहून लांब ठेवावी लागली नाही. वीजपुरवठ्याची जड सामग्री बाहेरच्या गोलाकार बैठकीखाली गेली. पाहुणे त्या गादीवर बसत. तिथे वायरींनी यंत्राचा आकार ठरवला. आपल्या टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये उलट होत आलं. आकार आधी ठरला आणि वायरींना उरलेल्या फटीत राहा असं सांगितलं गेलं.

1981 च्या आयबीएम पीसीला एकच झाकण होतं, ते पुढे ओढून काढायचं. पुढे उभी कॅबिनेटं आली, 1995 मध्ये इंटेलनं एटीएक्स मांडणी आणली, तरी उजवीकडचा पत्रा हार्ड डिस्कचे पलीकडचे स्क्रू पिळण्यापुरताच उघडायचा. नव्वदच्या दशकातली ती बदामी रंगाची कॅबिनेटं ठाणे-डोंबिवलीच्या घराघरांत होती, चाकांच्या कॉम्प्युटर टेबलावर, वर प्लास्टिकचं आवरण. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून, खोका लोकलच्या लगेजच्या डब्यात चढवून, इथल्या मुलांनी ती जोडली. आत हार्ड डिस्ककडे जाणारी चपटी, पाच सेंटिमीटर रुंद पट्टी केबल. तिची लांबी 18 इंचांहून जास्त चालत नसे, म्हणून ती सरळ मधूनच जायची, पडद्यासारखी, पंख्याच्या वाऱ्याला आडवी. उरलेल्या वायरी रबर बँड लावून सीडी ड्राइव्हच्या रिकाम्या कप्प्यात कोंबल्या जात. कोंबण्याचं ते शास्त्र एका पिढीनं आत्मसात केलं.

2003 मध्ये सॅटाची अरुंद केबल आली आणि मीटरभर लांबीची मुभा मिळाली. 2005 च्या अँटेक पी180 नं एसएमपीएस खाली स्वतंत्र कप्प्यात नेला. 2009 च्या कॉर्सेअर ऑब्सिडियन 800डी या फुल टॉवरमध्ये ट्रेला रबरी ओठांची भोकं आली. केबल मागे घ्यायची, मागून फिरवायची आणि जिथे लागते तिथेच पुढे काढायची. टिफ्रॅकचं दुसरं दार इतक्या वर्षांनी, पाचसहा सेंटिमीटरच्या भोकांच्या रूपात, घरी आलं.

आता एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. वायरी मागे नेल्यानं कॉम्प्युटर थंड राहतो असं सर्रास म्हटलं जातं. पट्टी केबलींच्या काळात त्यात तथ्य होतं. आजच्या फुल टॉवरमध्ये, जाळीची पुढची बाजू आणि 140 मिलिमीटरचे तीन-चार पंखे असताना, काही वायरी समोर लोंबल्या म्हणून तापमान फारसं बदलत नाही. वारा त्यांच्या बाजूनं निघून जातो. मग ही जागा कशासाठी? माझं उत्तर असं की ती पुढच्या वेळी कॅबिनेट उघडणाऱ्यासाठी आहे. तो कदाचित आपणच असू, कदाचित अनोळखी कारागीर. त्याला एक केबल काढायची असेल तर बाकीच्या पाच हलू नयेत, आणि कुठली कुठे जाते हे विचारावं न लागता दिसावं, यासाठी.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात हे 'पुढच्या वेळी' फार लवकर येतं. कल्याण-शीळ रस्ता असो की ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं काम, बांधकामाची बारीक धूळ खिडक्या लावल्या तरी आत येते आणि जमिनीवर ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये ती सर्वांत आधी शिरते. जूनपासून चार महिने दमट हवा त्या धुळीचा थर चिकट करते. डोंबिवलीच्या एमआयडीसीलगत राहणाऱ्यांना हवेतल्या उग्र वासांची ओळख आहे. गंधकाच्या वायूंनी तांबं आणि चांदी काळवंडते, आणि कनेक्टरच्या पिना शेवटी धातूच्याच. म्हणून इथला कॉम्प्युटर दिवाळीच्या आवराआवरीत उघडला जातो, ब्लोअरनं साफ होतो, कनेक्टरं काढून पुन्हा बसवली जातात. जे यंत्र दरवर्षी उघडायचं आहे ते उघडण्याजोगं हवं.

फुल टॉवर या शहरांत मुळात घेतं कोण, असा प्रश्न रास्त आहे. साठ सेंटिमीटरच्या आसपास उंची, रिकामं असतानाच पंधरा किलोच्या घरात वजन. वन बीएचकेमध्ये तो एका माणसाची जागा अडवतो. पण लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे घेतात, कारण त्यांना सात-आठ हार्ड डिस्क एकाच ठिकाणी हव्या असतात आणि लग्नसराईत रात्रभर रेंडर चालतो. थ्रीडी करणारे, इमारतींची चित्रं काढणारे घेतात. ज्यांचं पोट त्या यंत्रावर आहे ते घेतात. डोंबिवलीत अशाच एका एडिटरकडे दुरुस्तीला येणारा कारागीर काम करताना मी पाहिला. काचेच्या बाजूकडे तो आधी वळलाच नाही. कॅबिनेट फिरवलं, उजवा पत्रा काढला आणि थोडा वेळ नुसता बघत राहिला. वायरी वाचत होता. आधीच्या माणसानं कोणती केबल कधी टाकली हे त्याला थरांवरून कळत होतं.

थरांचा क्रम हा या कामातला सर्वांत विचारी भाग आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मुख्य केबल आणि प्रोसेसरची केबल वर्षानुवर्षं निघत नाहीत. त्या ट्रेला चिकटून, सर्वांत आतल्या थरात. ग्राफिक्स कार्डाची केबल त्यावर. डिस्क आणि पंखे वरचेवर बदलतात, त्यांच्या वायरी सर्वांत बाहेर. डिस्कशी थोडी ढील सोडायची, म्हणजे ती वायरीसकट बाहेर ओढून पाहता येते. प्लास्टिकचे टाय कापताना कटरची धार वायरीच्या कातड्याला लागू शकते, म्हणून जिथे पुन्हा हात घालावा लागेल तिथे वेल्क्रोची पट्टी. शिवाय फुल टॉवरची स्वतःची अडचण आहेच. तळातल्या एसएमपीएसपासून वरच्या कोपऱ्यापर्यंत मागून फिरत जायला सत्तर सेंटिमीटर केबल लागते आणि स्वस्त एसएमपीएसची पन्नास-पंचावन्नमध्ये संपते. मग ती मदरबोर्डवरून तिरकी ओढली जाते आणि मागची सगळी जागा फुकट जाते. नीट लावलेल्या केबलींत काय बदलेल आणि काय टिकेल याचा अंदाज मांडलेला असतो. ज्यानं असा विचार केला त्याचा हात मला पाहताक्षणी ओळखू येतो आणि त्याच्याबद्दल आदर वाटतो.

जागेची किंमत या भागातल्या माणसांना कोणी शिकवायला नको. 2016 च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरियाची व्याख्या केली, तेव्हा बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची यांच्याबरोबर सर्व्हिस शाफ्टही त्यातून वगळला. इमारतीचे पाइप आणि वायरी ज्या उभ्या पोकळीतून जातात तो शाफ्ट, आपण ज्याला डक्ट म्हणतो. वगळला हे योग्यच केलं. घेणाऱ्यानं त्या पोकळीचे चटईक्षेत्र म्हणून पैसे का मोजावेत? पण जी जागा विकता येत नाही ती आखडती घेण्याचा मोह बांधणाऱ्याला होतोच. जुन्या डोंबिवलीतल्या तीन मजली इमारतींत तर वीज, टेलिफोन, केबल टीव्ही आणि आताचं फायबर असा प्रत्येक थर जिन्याच्या भिंतीवर किंवा गच्चीवरून गच्चीवर लोंबत चढला. कुठला जिवंत आणि कुठला मेलेला हे कोणालाच माहीत नाही, म्हणून कोणीच काही काढत नाही. नव्या टॉवरांत डक्ट आहे, पण कित्येक ठिकाणी प्लंबर त्यात आडवाही शिरू शकत नाही, आणि गळती शोधायला कोणाच्या तरी न्हाणीघराची भिंत फोडावी लागते. कॅबिनेटचं माहितीपत्रक निदान मागच्या पोकळीचा आकडा अनेकदा छापतं. फ्लॅटच्या माहितीपत्रकात डक्टची रुंदी आणि त्यात माणूस मावतो का हे छापलं जावं असं मला मनापासून वाटतं.

आणि हाच प्रश्न पूर्ण महानगराच्या मापात 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी उभा राहिला. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मूळ बिघाड या आपल्याच पट्ट्यातला, पडघा ते कळवा या 400 केव्हीच्या वाहिन्यांवरचा. एक सर्किट देखभालीसाठी बंद ठेवलेलं होतं, दुसऱ्यावर भार आला आणि तेही गेलं. त्या दिवशी चूक कोणाची यावर पुष्कळ चर्चा झाली. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. मुंबईत बाहेरून वीज आणायला वाहिन्यांसाठी मोकळी जागा उरलेलीच नव्हती; खाडी, डोंगर, कांदळवनं आणि दाट वस्ती यांमधून नवा मार्ग काढणं वर्षानुवर्षं रखडलं होतं. खारघर ते विक्रोळी ही 400 केव्हीची वाहिनी 2023 मध्ये सुरू झाली तेव्हा थोडा श्वास मिळाला. एक तार दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची तर तिचा भार वाहायला दुसरीला ऐस हवी, आणि ती ऐस आधी आखून ठेवावी लागते. मागाहून मिळवायची तर खारघर-विक्रोळीइतकी वर्षं जातात.

म्हणूनच काचेच्या बाजूच्या हौसेनं या जागेचा जो उपयोग चालवला आहे तो मला खटकतो. समोर एक वायर दिसू नये म्हणून सगळा गुंता मागे लोटायचा, वर पत्रा दाबायचा आणि समोरून फोटो काढायचा. पाठीमागची जागा म्हणजे नको ते टाकण्याचं ठिकाण अशी समजूत यातून रुजते. समोरची बाजू थोडी विस्कटलेली असली तरी चालेल, तिथे दोष लगेच दिसतो. मागची बाजू नीट हवी, कारण ती फक्त अडचणीच्या वेळी उघडली जाते आणि तेव्हा उघडणाऱ्याकडे वेळ कमी असतो. लग्नाचा व्हिडिओ उद्या द्यायचा असतो, पॉवर गेलेली असते, यूपीएस किंचाळत असतो.

अलीकडे उत्पादकांनी पुढचं पाऊल टाकलं आहे. लियान लीच्या 2018 च्या ओ11 डायनॅमिकनं मागची फट रुंदावून तिची एक स्वतंत्र खोलीच केली आणि एसएमपीएस तिथे नेला. असुसच्या बीटीएफ, एमएसआयच्या प्रोजेक्ट झीरो यांसारख्या मदरबोर्डांवर वीज आणि डेटाची सॉकेटंच बोर्डाच्या पाठीवर आली. केबल पुढे यायचं कारणच संपलं. यात समोरची बाजू साफ कोरी होते, पण मला आनंद होतो तो वेगळ्या कारणानं. आता मागची जागा उरलीसुरली फट राहू शकत नाही. सॉकेट, वळण, हात, सगळं तिथेच मावलं पाहिजे, म्हणजे क्रे यांच्यासारखं वायरींना विचारून आकार ठरवणं भाग आहे. मात्र या बोर्डांना ट्रेमध्ये ठरावीक जागी कापलेली भोकं लागतात, आणि जुन्या कॅबिनेटात ती नसतात. एकदा घेतलेलं कॅबिनेट दहा वर्षं वापरणाऱ्या आपल्या घरांना हा बदल सोपा जाणार नाही.

तोवर घेणाऱ्यानं दुकानात एक हट्ट धरावा. काच नंतर बघू, आधी उजवा पत्रा काढून दाखवा, असं म्हणावं. सोबत मोजपट्टी न्यावी. माहितीपत्रकातला आकडा बहुधा सर्वांत रुंद जागेचा असतो. आपण मोजायचं ते सर्वांत अरुंद ठिकाणी, मुख्य केबल जिथून वळते त्या कडेशी. पत्र्याला आतून आवाज दाबणारा फोम चिकटवलेला असेल तर माप फोमपासून घ्यायचं, पत्र्यापासून नाही. आणि जो एसएमपीएस घेणार आहोत त्याच्या प्रोसेसर केबलीची लांबी खोक्यावर बहुधा छापलेली असते, ती सत्तर सेंटिमीटर आहे की नाही हे पैसे देण्याआधी वाचून घ्यायचं.